पाठीचा रंग

१

लाकडाचा मासा करणं सोपं वाटत असेल त्याने एकदा करून बघावा. वीतभर हलकं लाकूड तासायचं, पोटात शिसं भरायचं, जबड्याखाली पत्र्याची जीभ बसवायची, खाली दोन गळ लटकवायचे. एवढं झालं तरी पाण्यात तो ढलपीसारखाच येतो. जिवंत मासा धड पोहतो. खोट्या माशाला थोडं लंगडता यावं लागतं. दुखावलेला, मागे पडलेला, आता कुणीही गिळावं असा दिसावा लागतो. मोठा मासा धावतो तो त्या लंगडण्यावर.

सुतार या कामात वाकबगार होता. जन्मभर त्याने गोदीत बोटींना फळ्या मारल्या, फावल्या वेळात घरामागच्या खोलीत बसून असले मासे केले आणि म्हातारपणी तेवढंच करत राहिला. दुकानात आता प्लॅस्टिकचे मिळतात, चमकदार डोळ्यांचे. सुतार म्हणायचा, ते माशांना फसवायला नाहीत केलेले, माणसांना फसवायला केलेत.

एक खोड मात्र त्याची कधी गेली नाही. तो माशाची पाठ रंगवत नसे. पोट चंदेरी करायचा, दोन्ही कुशींवर खवले काढायचा, डोळा तर असा काढायचा की मांजर फसावं. पाठ मात्र कोरं लाकूड.

"मासा खाली असतो, वर बघतो," तो म्हणायचा. "त्याला पोट दिसतं, कूस दिसते. पाठ कोण बघतंय?"

त्याच्या मित्राला, न्हाव्याला, हे बघवत नसे. न्हाव्याचं दुकान कोपऱ्यावर. दोघांची दोस्ती दाढी फुटायच्या आधीपासूनची.

"गिऱ्हाईक उठायच्या आधी मी त्याच्या मागे आरसा धरतो," न्हावी म्हणायचा. "का? त्याला स्वतःची मान दिसत नाही म्हणून. समोरून कुणीही नीट करतं. दिसत नाही तिथे जो हात राखतो तो कसला कारागीर?"

"मग आता माशालाही आरसा धरू?"

"पाठ रंगव रे मेल्या. दोन बोटं रंग लागेल."

हे भांडण चाळीसएक वर्षं चाललं. संध्याकाळी ओहोटी असली की दोघं काठ्या घेऊन खाडीवर जायचे आणि जाता-येता हेच भांडायचे.

मग एक दिवस, गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली असताना, न्हाव्याच्या हातातून वस्तरा पडला. उचलायला वाकला तो उठलाच नाही. जीव वाचला, उजवी बाजू गेली. लेक आली आणि त्याला आपल्या गावी घेऊन गेली. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच घरी गेलं. न्हाव्याला शुद्ध आली तेव्हा त्याने पहिली चौकशी त्या दाढीची केली म्हणतात.

लेक अधूनमधून फोन करायची. "काका, एकदा येऊन जा हो. बाबा रोज विचारतात."

"येतो की. जरा गुडघा बरा होऊ दे."

फोन ठेवला की सुताराची बायको आतून म्हणायची, "खाडीच्या चिखलात तुमचा गुडघा चालायचा. बसमध्ये नुसतं बसायचं तर दुखतो."

गुडघ्याचं कारण खोटं होतं, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. त्याला न्हाव्याचं वाकडं झालेलं तोंड बघायचं नव्हतं. त्याला आपला न्हावी धडधाकट हवा होता. धडधाकट मिळत नसेल तर नको होता. असं काही कुणी तोंडाने बोलत नाही, पण होतं ते असं होतं.

दोघांच्या काठ्या मागच्या खोलीत दोन खिळ्यांवर टांगलेल्या राहिल्या. त्यांच्यावर धूळ चढली. सुताराचे केस बायको कापू लागली, कणीक चाळताना जेवढं लक्ष असतं तेवढ्या लक्षाने.

२

त्या संध्याकाळी सुतार नेहमीसारखा मागच्या खोलीत बसला होता. नवा मासा जवळपास झाला होता. कुशी रंगवून झाल्या होत्या आणि ब्रश धुवायचा कंटाळा आला होता. पुढच्या खोलीत बायकोचा रेडिओ चालू होता. मागचं दार उघडं होतं, त्यातून ओल्या चिखलाचा वास येत होता. खाडी उतरायला लागली की हा वास घरापर्यंत येतो.

"सुतारा."

त्याने मान वर केली. दारापलीकडे, कुंपणाच्या फाटकाशी न्हावी उभा होता.

"ओहोटी लागली. चल."

तोच तपकिरी शर्ट, बाह्या दुमडलेल्या, खिशात कंगवा. दोन्ही खांदे एका रेषेत. तोंड सरळ.

सुताराच्या हातून ब्रश पडला. "तू? कधी आलास?"

"आत्ताच."

"अरे, पण हात?"

न्हाव्याने उजवा हात वर केला आणि दोन बोटं कात्रीसारखी चालवून दाखवली.

"डॉक्टर तर म्हणाला होता—"

"डॉक्टरला काय कळतं."

हे वाक्य इतकं न्हाव्याचं होतं की सुताराचं पुढचं सगळं विचारायचं राहून गेलं. लेक कुठे आहे, कशाने आलास, फोन का नाही केलास. डोळे पुसायला त्याने उगाच नाक शिंकरलं.

"आत ये. चहा टाकायला सांगतो हिला."

"पाणी थांबत नाही चहासाठी."

हेही त्याचंच. दर वेळी सुतार चहाचं म्हणायचा आणि दर वेळी न्हावी हे म्हणायचा. सुताराने दोन्ही काठ्या खिळ्यांवरून काढल्या, बाहीने धूळ पुसली, नवा मासा खिशात घातला. गुडघा दुखायचं विसरला.

घरामागून खाडीपर्यंत अरुंद बांध जातो. एका वेळी एकच माणूस चालेल एवढाच. न्हावी नेहमी पुढे असायचा. सुतार मागून त्याच्या चालण्याला नावं ठेवायचा आणि न्हावी न वळता शिव्या द्यायचा. आज न्हावी फाटकाशी बाजूला झाला.

"तू पुढे हो."

"मी?"

"हो की."

सुतार पुढे झाला. मागून पावलं वाजू लागली. चप, चप, मग काही नाही. चप, चप, मग काही नाही. सुताराने मनात म्हटलं, पाय अजून भरला नाही याचा. एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलेला माणूस असाच चालणार. धावणार थोडाच.

त्याने वळून बघितलं. न्हावी थांबला होता, थोडा एका बाजूला झुकून. चेहरा त्याच्याकडे, हसरा.

"काय बघतोस? आहे मी," न्हावी म्हणाला.

३

खाडीवर जुना लाकडी धक्का आहे. आता बोटी लागत नाहीत. निम्म्या फळ्या गेल्या, खांब राहिलेत, खांबांना कालवं चिकटलेली. दोघांची जागा टोकाजवळ. तिथे शेजारचा ओढा खाडीला मिळतो आणि ओहोटीला चिखलातली बारकी मासळी त्या पाण्याबरोबर बाहेर येते. जिताडा, खाडीतला मोठा शिकारी मासा, खांबाच्या सावलीत प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्याला हलायची गरज नाही. जेवण वाहत येतं.

ऊन पिवळं झालं होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी बोट खरवडत होतं, तो आवाज पाण्यावरून अगदी कानाशी येत होता. चिखलातली भोकं बुडबुडत होती. सुताराने नवा मासा दोराला बांधला, काठी मागे नेली आणि फेकली. मासा ओढ्याच्या तोंडाशी पडला. त्याने चरखी फिरवली. दोनदा ओढायचं, मग सोडून द्यायचं. दोनदा ओढायचं, मग सोडून द्यायचं. सोडलं की खोटा मासा जरा कुशीवर होतो, मेल्यासारखा तरंगतो. खरा मासा ओढताना येत नाही. सोडल्यावर येतो.

"मनगट अजून आहे तुझं," न्हावी म्हणाला.

"तूही फेक."

"आधी तू."

न्हाव्याने आपली काठी खांबाला टेकवून ठेवली होती. तो कठड्याला पाठ लावून उभा होता, पाण्याकडे नाही, सुताराकडे बघत. सुताराला त्याचं काही वाटलं नाही. इतक्या दिवसांनी भेटलेला मित्र पाण्याकडे कशाला बघेल?

मग गप्पा झाल्या. पहिल्यांदा आले तेव्हा काठी म्हणून बांबू होता ती गोष्ट झाली. न्हाव्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दोघं चिखलात रुतले होते आणि नवरदेव गुडघ्यापर्यंत काळा होऊन घरी गेला होता, ती झाली. मग मोठ्या जिताड्याची आली. तिशीत होते दोघं. सुताराने केलेला पहिला खोटा मासा एका धुडाने धरला, दोर तोडला आणि तोंडात तसाच घेऊन गेला. त्यानंतर जो जो मासा निसटला तो तोच, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

"दोर तुटला तेव्हा तुझं तोंड कसं झालं होतं," न्हावी म्हणाला, "आठवतं?"

"तुझं झालं होतं. मी शांत होतो."

"तू रडलास."

"पाणी उडालं होतं तोंडावर."

न्हावी हसला. सुतारही हसला. खूप दिवसांत तो असा हसला नव्हता, छाती दुखेपर्यंत.

"मोठा मासा भुकेने धरत नाही रे," न्हावी म्हणाला. हेही तो दर वेळी म्हणायचा. "त्याच्या नाकासमोरून तेच ते नेत राहायचं. चिडला की धरतो."

डास आले. सूर्य कलला की ढगासारखे येतात. सुतार मान, कान, घोटे असा सगळीकडे स्वतःला चापट्या मारू लागला. आणि मध्येच त्याचा हात थांबला.

खाडीवरचे डास न्हाव्याचे. ते ठरलेलंच होतं. त्याचं रक्त गोड म्हणून सगळे त्याच्याकडे जायचे आणि सुतार निवांत गळ टाकायचा. 'तुला मी मासे धरायला आणत नाही, डासांसाठी आणतो,' हा सुताराचा जुना विनोद. आज न्हावी उघड्या हातांनी उभा होता आणि त्याच्याभोवतीची हवा मोकळी होती. एकही डास नाही.

"तुला चावत नाहीत?"

"सवय झाली."

औषधांचा वास येत असेल अंगाला, सुताराने मनाशी म्हटलं. एवढ्या गोळ्या खाल्ल्यावर डास तरी कशाला तोंड लावतील?

"लेकीचं घर कसं आहे? नातू केवढा झाला?"

"मनगट अजून आहे तुझं," न्हावी म्हणाला.

"ते झालं. नातवाचं विचारतोय."

"दोर तुटला तेव्हा तुझं तोंड कसं झालं होतं, आठवतं?"

सुताराने चरखी फिरवायची थांबवली. मग पुन्हा फिरवायला लागला. आजारातून उठलेला माणूस तेच ते बोलतो. आणि खरं सांगायचं तर सुताराला नवीन काही ऐकायचंच नव्हतं. नातवाचं त्याने रीत म्हणून विचारलं. त्याला हेच पाहिजे होतं. हीच संध्याकाळ, हाच शर्ट, हीच वाक्यं. कुणी त्याला विचारलं असतं की बाबा तुला काय हवं, तर त्याने बोट दाखवून इतकंच मागितलं असतं.

ते आपल्याला अगदी मापात मिळालंय, हे तेव्हा पहिल्यांदा त्याच्या मनात आलं. गोदीत मापात बसलेल्या फळीवर तो खूश व्हायचा. इथे त्याला बरं वाटलं नाही.

४

पाणी बरंच उतरलं. धक्क्याच्या टोकाला दगडी पायऱ्या उघड्या पडल्या, शेवाळाने गुळगुळीत झालेल्या. पायऱ्यांच्या पुढे खाडीचा मुख्य ओघ एकदम खोल जातो आणि ओहोटीला तिथलं पाणी गाईचं वासरू ओढून नेईल एवढं जोरात असतं. पायऱ्या उतरायच्या नाहीत, हा नियम न्हाव्यानेच घातलेला. एवढ्या वर्षांत दोघांनीही मोडला नव्हता.

सुताराच्या दोराला गुंता बसला. तो खाली मान घालून नखाने सोडवत होता.

"इकडे ये. तो इथे आहे."

सुताराने बघितलं. न्हावी खाली पाण्यात उभा होता, गुडघ्यापर्यंत. उतरताना आवाज झाला नव्हता. तोंड वर, सुताराकडे.

"कोण आहे?"

"तोच. तुझा मासा अजून तोंडात आहे त्याच्या."

"वर ये. वेड लागलंय का?"

"ये की."

"अरे, तूच म्हणायचास ना, पायऱ्या—"

"बायकोला विचारून ये."

हा टोमणा सुताराला तरुणपणापासून झोंबायचा. न्हाव्याला ते माहीत होतं, म्हणून तो राखून मारायचा, वर्षातून एखाद्या वेळी. सुतार पहिली पायरी उतरला.

"हळू. गुडघा आहे ना तुझा," न्हावी म्हणाला आणि हसला.

सुतार चिडला. चिडला की त्याला पुढचं दिसत नसे, गोदीतही नसे. तो दुसरी पायरी उतरला, तिसरी उतरला. पाणी बुटात शिरलं, गार. न्हावी दोन पावलं मागे सरकला आणि थांबला. थोडा कुशीवर झुकला.

"बायकोला विचारून ये," न्हावी पुन्हा म्हणाला. तसंच, त्याच आवाजात.

सुतार आणखी एक पायरी उतरला. न्हावी दोन पावलं मागे सरकला. थांबला. झुकला.

सुताराचा उजवा हात रिकामा होता. काठी वरच राहिली होती. आणि तो हात आपोआप हलत होता, मनगटातून, चरखी धरल्यासारखा. दोनदा, मग सैल. दोनदा, मग सैल. न्हाव्याच्या पावलांबरोबर, अगदी ताल धरून.

सुताराने आपल्या हाताकडे बघितलं. मग न्हाव्याकडे बघितलं. पाणी त्याच्या पिंढऱ्या ओढत होतं.

"न्हाव्या," तो म्हणाला. "केस कोण कापतं रे तुझे आता?"

न्हावी हसत होता.

"मान दाखव बघू. वळ जरा."

"इकडे ये. तो इथे आहे."

"वळ म्हणतो ना."

न्हावी वळला नाही. पण पलीकडून एक मोटारबोट गेली, लांबून, आणि तिची लाट थोड्या वेळाने इथपर्यंत आली. फार मोठी नव्हती. उभा माणूस तिच्यात हललाही नसता. न्हावी मात्र लाटेबरोबर फिरला, दोर सैल सोडल्यावर खोटा मासा फिरतो तसा, पाय न हलवता, आणि क्षणभर त्याची कूस दिसली आणि कुशीमागचं थोडं.

कान होता. कानामागे काही नव्हतं. केस नव्हते, मानेची वळी नव्हती. तपकिरी शर्ट बगलेपर्यंत आला होता आणि तिथे, ब्रश उचलावा तसा, संपला होता. त्यापुढे फिकट होतं, सपाट, तासलेलं. आणि त्या फिकट जागेतून काहीतरी बारीक, ताणलेलं, मागे पाण्यात गेलं होतं. त्यावर ऊन एकदा चमकलं.

लाट ओसरली. चेहरा परत समोर आला, हसरा.

सुतार हातापायांवर पायऱ्या चढला. बुळबुळीत दगडावर नखं तुटली. धक्क्यावर आला, उठला, आणि मग मागे बघितलं नाही. काठ्या तिथेच राहिल्या.

"सुतारा, पाणी थांबत नाही," मागून आवाज आला. मोठा झाला नाही, लहान झाला नाही. माणूस लांब जातो तशी त्याला मारलेली हाक मोठी होते. ही झाली नाही.

५

"हे काय? कपडे कुठे भिजवले?" बायको दारातच म्हणाली. "आणि मघाशी मागच्या दारी कुणाशी बोलत होता?"

"तू ऐकलंस?"

"ऐकणार नाही तर काय? रेडिओच्या वरचढ चाललं होतं."

"दोन आवाज होते?"

बायकोने त्याच्याकडे नीट बघितलं. "तुमचाच होता. तुम्हीच विचारायचे, तुम्हीच सांगायचे. म्हटलं, झालं, आता मला म्हाताऱ्याची राखण करावी लागणार."

सुतार खुर्चीत बसला. डोकं फिरलं असेल तर बरं, असं त्याला मनापासून वाटलं. डोकं फिरणं म्हणजे घरातलं दुखणं. त्याला वैद्य असतो.

त्याने लेकीला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. काय विचारणार? बाबा अंथरुणात आहेत का? आणि ती नाही म्हणाली तर?

मागच्या खोलीत फळीवर जुने मासे रांगेत टांगलेले होते, नेहमीसारखे, तोंडं दाराकडे. त्याने सगळे खाली काढले. एकेकाला उलटं केलं. सगळ्यांच्या पाठी कोऱ्या. मग त्यातला एक निवडला, गडद हिरवा रंग कालवला आणि त्याची पाठ रंगवली, डोक्यापासून शेपटीपर्यंत, केसाएवढीही जागा कोरी न ठेवता. दोन बोटं रंग लागला, न्हावी म्हणायचा तेवढाच.

"सकाळच्या बसने जातो," तो बायकोला म्हणाला.

"आणि गुडघा?"

"गुडघा इथे ठेवून जातो. सांभाळ."

६

अर्ध्या दिवसाचा रस्ता. मासा रुमालात गुंडाळून मांडीवर, रंग अजून चिकट. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसांच्या मानांकडे बघत सुतार गेला. कुणाची मान भाजलेली, कुणाची घामेजलेली, एकाच्या मानेला गळू. त्याला सगळ्या आवडल्या.

न्हाव्याच्या लेकीने दार उघडलं. "काका, आलात. बाबा काल संध्याकाळपासून काही बोलत नाहीत. बघा तुमच्याशी बोलतात का."

खोली लहान. एक खिडकी, खिडकीखाली पलंग. पलंगावर न्हावी उताणा. उजवा हात चादरीवर ठेवलेला, कुणी वस्तू ठेवावी तसा. तोंड डावीकडे ओढलेलं, एक डोळा खाली आलेला. सुतार ज्या चेहऱ्याला एवढे दिवस घाबरत होता तो हाच चेहरा. बघितला आणि वाटलं, एवढंच?

तो पुढे झाला.

"तिथेच थांब," न्हावी म्हणाला. शब्द ओले, जड, पण कळत होते. "वळ."

सुतार वळला. समोर भिंत, भिंतीवर खुंटी, खुंटीला लेकीची छत्री.

"उलटा ये. जवळ."

पलंगाची कड पोटरीला लागेपर्यंत तो उलटा चालत गेला आणि खाली बसला. मागून न्हाव्याचा डावा हात आला. बोटं मानेवर फिरली, केसांत गेली, कॉलरच्या आत उतरली, पाठीच्या मणक्यावर थांबली. बराच वेळ.

"कुणी कापले हे?" न्हावी म्हणाला. "शेळीने?"

"बायकोने."

"हं." हात निघाला. "तूच आहेस."

सुतार वळून बसला. दोघांपैकी कुणालाच काही विचारायची घाई नव्हती. न्हावी छताकडे बघत बोलला, थांबत थांबत.

"काल आला होतास तू. संध्याकाळी. चल म्हणालास, ओहोटी लागली. केस काळे, चालणं धड. माझा पाय हलला रे. हा, मेलेला. उठणार होतो मी." त्याने थुंकी गिळली. "मग म्हटलं, मान दाखव, केस वाढले का बघू. सवय आपली."

"मग?"

"हसलास. मग गेलास. उलटा. तोंड माझ्याकडे. उंबऱ्यालाही अडखळला नाहीस."

लेक चहा ठेवून गेली. सुताराने रुमाल सोडला आणि मासा न्हाव्याच्या डाव्या हातात दिला. न्हाव्याने तो उलटा केला. अंगठा पाठीवरून फिरवला. अंगठ्याला हिरवं लागलं.

"ओला आहे."

"काल रात्रीच दिला रंग."

"चाळीस वर्षांनी." अर्धं तोंड हसलं. "आता झाला मासा."

मग ते बोलत बसले. नातवाचं नवीन कळलं, त्याचे दात पडत होते. लेकीचा नवरा बोटीला बघूनच ओकतो हे कळलं. अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाने ती अर्धी दाढी तशीच वाढवली का, हे मात्र दोघांनाही माहीत नव्हतं. खिडकीबाहेर ऊन पिवळं होत गेलं.

आणि सुताराच्या लक्षात आलं की न्हावी उताणा आहे. आल्यापासून उताणा. गादीला पाठ टेकून, उशीला डोकं टेकून. लेक म्हणालीच होती, कूस बदलायला दोघं लागतात, सकाळी बाई येते तेव्हाच होतं ते. त्याच्या कानामागे उशी होती. उशीच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं.

नवीन गोष्टी सांगितल्या याने, सुताराने मनाशी म्हटलं. मग म्हटलं, मला काय माहीत त्या खऱ्या का खोट्या. चेहरा वाकडा आहे. मग म्हटलं, दुखावलेला, मागे पडलेला. मोठा मासा धावतो तो त्यावरच. त्याचा हात उशीकडे गेला आणि मध्येच थांबला.

न्हावी बघत होता.

"बघ की," तो म्हणाला. "मी बघितली तुझी."

"असू दे."

"बघ म्हणतो."

"चहा गार होतोय तुझा."

उजेड कमी झाला. खिडकीतून एक डास आत आला. सुताराच्या कानाशी गुणगुणला, पुढे गेला, पलंगावर घिरट्या घालू लागला. सुतार श्वास रोखून बघत राहिला. डास चादरीवर बसला, उठला, उशीच्या कडेला बसला, उठला. मग न्हाव्याच्या उजव्या हातावर, मनगटाच्या शिरेपाशी उतरला आणि मान खाली घातली.

न्हाव्याला कळलं नाही. त्या हाताला काही कळत नव्हतं. डासाचं पोट हळूहळू लाल झालं, गोल झालं, टच्च भरलं.

सुताराने हात उचलला नाही. पिऊ दिलं त्याला, पोटभर.